फुगा कुठून कुठे जातो

काम एका कागदाचं होतं आणि मी ते एका संध्याकाळी संपवणार होते. रबराच्या दुधाचा फुगा कसा होतो, एवढंच चौकोन आणि बाण काढून दाखवायचं होतं. मी ग्रंथपाल आहे. चाळीस हजार पुस्तकांपैकी कुठलं पुस्तक कुठल्या कपाटातून कुणाच्या घरी जाऊन पडलं आहे, हे मला न बघता सांगता येतं. फुगा तर लहान मुलांनाही कळतो, अशी माझी समजूत होती.

डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत असं बाहेरगावी सांगितलं, की लोक आधी हसतात आणि मग चिकूंची चौकशी करतात. पप्पांना या हसण्याचं कधी वाईट वाटलं नाही. नाव घेतल्याबरोबर माणूस हसतो असा माल किती जण बनवतात, असं ते विचारायचे. भाद्रपदात पप्पा गेले. कारखान्याचा परवाना त्यांच्या नावावर होता, तो माझ्या नावावर करायला सतरा कागद लागत होते. सोळा एका आठवड्यात जमले. त्यातला एक, मृत्यूचा दाखला, तर इतक्या लवकर मिळाला, की तो तरी थोडा उशिरा मिळायला हवा होता असं वाटलं. सतरावा राहिला. ‘उत्पादन प्रक्रियेचा प्रवाह-तक्ता, नियमाप्रमाणे’. तो नोव्हेंबरअखेर मंजूर झाला नाही तर कारखान्याला कुलूप लागणार होतं, आणि गंजाडहून सकाळच्या एसटीने येणाऱ्या बारा बायका आणि देवजी यांना दुसरं काम शोधावं लागणार होतं. मला मात्र परत जायला माझं ग्रंथालय होतं. हे मी कुणाला बोलून दाखवत नव्हते, पण सगळ्यांना ते माहीत होतं.

मी आधी तीन पुस्तकं वाचली. पेन्सिल धरण्यापूर्वी तीन पुस्तकं वाचणं हा आमच्या धंद्यातला आजार आहे. सुरुवात आणि शेवट लंबगोलात, काम चौकोनात आणि प्रश्न शंकरपाळ्याच्या आकारात काढतात, एवढं त्यातून कळलं. शंकरपाळ्याच्या एका कोपऱ्यातून ‘होय’ निघतं, दुसऱ्यातून ‘नाही’. जगातल्या सगळ्या अडचणी इतक्या नेटक्या मांडणारे लोक आहेत हे वाचून मला फार बरं वाटलं. मग वही घेऊन मी कारखान्यात गेले.

देवजी रबराच्या दुधात रंग कालवतो. पंचवीस वर्षं तेच करतो, त्यामुळे त्याच्या नखांचा मूळ रंग आता त्यालाही आठवत नाही. फुगा कुठून सुरू होतो, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, एसटीपासून. एसटी आली नाही तर गंजाडहून कुणी येत नाही, आणि कुणी आलं नाही तर फुगा होत नाही. मी यात चूक शोधत बराच वेळ उभी राहिले. चूक नव्हती. मी पहिल्या चौकोनात ‘एसटी येते’ असं लिहिलं.

पुढचं सोपं होतं. साच्यांची फळी दुधात बुडवायची, वाळवायची, फुग्याच्या तोंडाची वळी करायची, धुवायची, भट्टीत ठेवायची, मग फुगे साच्यावरून उतरवायचे. उतरवण्याचं काम बुधीबाईकडे आहे. बुधीबाई कारखान्यातली सगळ्यात जुनी. ती सगळ्यांना ‘तू’ म्हणते; मला, पप्पांना, आणि एकदा पाहणीला आलेल्या फार मोठ्या साहेबांनाही. तिला मी विचारलं, तुम्ही नेमकं काय करता? तिने एक फुगा फट्कन साच्यावरून ओढून माझ्या हातात दिला आणि पुढच्याला लागली. एवढं स्पष्ट उत्तर मला ग्रंथालयात कधी मिळालेलं नाही.

घरी येऊन तक्ता काढायला बसले, तर शेजारच्या निर्मलाबेन ढोकळा घेऊन आल्या. पप्पा गेल्यापासून त्या रोज काहीतरी घेऊन येतात आणि ते संपेपर्यंत बसतात. कागद बघून त्यांचा चेहरा उतरला. सगळे बाण वरून खाली येत होते. धंद्याचा बाण कुणी खाली काढतं का, असं त्या कळवळून म्हणाल्या. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण तोंडात ढोकळा असताना वाद घालणं मला जमत नाही. मी तक्ता खालून वर काढला.

जिल्ह्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी तो आधी उलटा धरला, मग सुलटा धरला, मग स्वतः थोडे वाकडे झाले. ते सभ्य गृहस्थ होते, आवाज चढवत नसत. त्यामुळे त्यांच्याशी भांडायचीही सोय नव्हती. एसटी आपल्या कारखान्याच्या अखत्यारीत येते का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर पहिल्या चौकोनावर बारीक काट मारली. बाण वरून खाली हवेत, आणि प्रत्येक चौकोनापुढे ते काम कोण करतो त्याचं नाव हवं, असं सांगून त्यांनी कागद परत दिला. दुसऱ्या खेपेला बाण पेन्सिलने काढले म्हणून परत आला. तिसऱ्या खेपेला ‘शेवट’ लिहायचा राहिला होता. ज्याला शेवट नाही त्याला मंजुरी कशी देणार, असं साहेब म्हणाले. मी बाहेरच्या बाकावर बसून त्यांचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. वाक्य चांगलं होतं.

चौथ्या खेपेच्या आत निर्मलाबेनचा भाचा तुषार यात शिरला. तो तलासरीला एका कंपनीत मालाचा दर्जा तपासतो आणि घरीही पापड उजेडात धरून बघतो. तुषारच्या मते माझा तक्ता मेलेला होता; मग माझ्याकडे बघून तो घाईने म्हणाला की निर्जीव होता. प्रत्येक कामाला किती वेळ लागतो ते मोजायला हवं. प्रत्येक कारखान्यात एक जागा अशी असते की सगळं तिथे अडतं. ती जागा सापडली की तक्ता जिवंत होतो. सुरतचे व्यापारी पंधरा दिवस मला माल का येत नाही म्हणून फोन करत होते, तेव्हा अडत काहीतरी होतं खरं. माझा संशय देवजीच्या चहावर होता.

दुसऱ्या दिवशी मी हातात मोबाइल धरून देवजीशेजारी उभी राहिले. देवजीने माझ्याकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, आणि शाळेच्या शर्यतीत उतरल्यासारखं दूध ढवळायला सुरुवात केली. अर्ध्या तासाचं काम नऊ मिनिटांत झालं. मी तो आकडा अभिमानाने लिहून घेतला. रबराचं दूध सावकाश ढवळतात, नाहीतर त्यात फेस होतो आणि फेसाची फुग्याला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात, हे मला संध्याकाळी कळलं. मग तू सांगितलं का नाहीस, असं मी देवजीला विचारलं. तो म्हणाला, ताई, तुम्ही घड्याळ लावलं होतं.

तो अख्खा लॉट निळा होता, आणि भोकांचा होता. पण मला त्याची फार काळजी वाटली नाही, कारण सदोष मालाची सोय माझ्या तक्त्यात होती. तुषारच्या सांगण्यावरून मी तक्ता मोठा करून, वर प्लॅस्टिक चढवून, कारखान्याच्या भिंतीवर लावला होता. त्यात शेवटी एक सुरेख शंकरपाळं होतं. ‘फुगा बरोबर आहे का?’ होय असेल तर बाण पॅकिंगकडे. नाही असेल तर बाण मागे, धुण्याकडे. साच्यावरची पावडर चिकटलेले फुगे पुन्हा धुतले की साफ होतात, ते मनात धरून मी तो बाण काढला होता.

दोन दिवस मी ऑफिस आणि झेरॉक्सचं दुकान यांच्यामध्ये होते. तिसऱ्या दिवशी कारखान्यात आले तर पाण्याची टाकी रिकामी, दोऱ्यांवर निळ्या फुग्यांची रांग, आणि बाराही बायका पिंपांभोवती बसून फुगे धूत होत्या. बुधीबाईने एक फुगा उचलला, उजेडात धरला, बारीक भोक बघितलं, आणि पुन्हा पाण्यात टाकला.

“बुधीबाई, हे काय चाललंय?”

“धुतोय.”

“पण भोक आहे ना त्याला?”

“आहे की.” तिने ओल्या हाताने भिंतीकडे दाखवलं. “तुझा बाण इकडंच येतो. सातदा धुतला. भोक काय जात नाही.”

मागे कुणीतरी पदर तोंडात धरला होता. बुधीबाईचा चेहरा मात्र देवळातल्यासारखा गंभीर. तिला वाचता येत नाही, पण बाणाला वाचायचं काय असतं? ती माझी थट्टा करत होती की माझा मान राखत होती, हे मला आजवर कळलेलं नाही. तिने दोन्ही एकाच वेळी केलं असावं. मी खिळा काढून तक्ता खाली उतरवला. प्लॅस्टिकवर खोडता येत नाही, एवढंच त्या क्षणी मला सुचलं, आणि मी ते मोठ्याने म्हणाले.

त्याच दुपारी सुरतेहून शेवटचा फोन आला. सोमवारपर्यंत माल निघाला नाही तर आम्ही दुसरीकडून घेऊ, असं ते फार गोड गुजरातीत म्हणाले. मी तुषारला फोन केला. तो म्हणाला, ताई, माणसांच्या मागे फिरू नका, मालाबरोबर फिरा. स्वतःला फुगा समजा.

हे करायला एकटी बाई लागते किंवा फार धीराची. मी लाल फुग्यांचा एक ट्रे धरला आणि त्याच्याबरोबर निघाले. भट्टीपाशी थांबले. फुगे उतरवले जात होते तेव्हा शेजारी बसले. निवडताना मान इकडून तिकडे केली. कारखान्यात माझी जी काही थोडी प्रतिष्ठा उरली होती, ती या फेरीत खर्ची पडली. निवड झाली, शंकरपाळ्याने होय म्हटलं, आणि मी ट्रेसोबत पॅकिंगच्या टेबलाकडे वळले. ट्रे वळला नाही. बुधीबाई तो घेऊन उलट्या बाजूला गेली, पप्पांच्या टेबलामागच्या मांडणीकडे, आणि तिथल्या ट्रेंच्या चवडीवर तिने तो अलगद ठेवला. ती चवड मी रोज बघत होते. जुना माल असेल असं समजून चाललेही होते. आता मोजले. एकोणीस ट्रे.

“हे इथे का ठेवलेत?”

“शेठनं सोडला नाही अजून,” बुधीबाई म्हणाली.

शेठ म्हणजे पप्पा. मग तिनेच सांगितलं. प्रत्येक लॉटमधला एक फुगा शेठ संध्याकाळी तोंडाने फुगवायचा, गाठ मारायचा, आणि टेबलावरच्या खिळ्याला टांगायचा. सकाळी तो कडक असला की लॉट सुटला. मऊ पडला की अख्खा लॉट बाजूला. फार बारीक भोक उजेडात धरूनही दिसत नाही, खिळ्याला दिसतं.

“मी सगळ्यांना विचारत फिरत होते. तुम्ही मला हे सांगितलं नाहीत.”

“तू विचारलं, तुम्ही काय करता. हे आम्ही नाही करत.”

मी म्हटलं, पण फुगा काय, कुणीही फुगवेल.

“फुगवायला सगळे फुगवतील,” ती म्हणाली. “सोडायचा कुणी?”

मी पप्पांच्या टेबलाशी गेले. खिळा तिथेच होता. त्याच्याभोवती भिंतीवर फुग्यांच्या रंगांचा एक पुसट गोल उमटला होता, पंचेचाळीस वर्षांचा. खाली त्यांची खुर्ची. तीन महिने त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं, मीही नाही. मी बाजूच्या स्टुलावर बसून हिशेबाच्या वह्या बघत होते आणि कारखाना चालवते आहे असं समजत होते. सगळं जिथे अडत होतं ती जागा अखेर सापडली. देवजीच्या चहाची मी मनातल्या मनात माफी मागितली.

त्या संध्याकाळी मी तक्त्यात शंकरपाळ्याच्या आधी एक चौकोन घातला. ‘लॉटमधील एक फुगा फुगवून टांगणे, दुसऱ्या दिवशी सकाळी पाहणे.’ शंकरपाळ्याचा ‘नाही’चा बाण धुण्यापासून सोडवला आणि सरळ ‘बाद’ असं लिहिलेल्या चौकोनात नेला. नव्या चौकोनापुढे नाव लिहायची जागा होती, तिथे हात आपोआप पप्पांचं नाव लिहून गेला. तसाच कागद ऑफिसात गेला. साहेबांनी त्या नावावर बोट ठेवलं आणि मृत्यूच्या दाखल्यावर दुसरं बोट ठेवलं, आणि खालच्या आवाजात म्हणाले, “मॅडम, मयत व्यक्ती जबाबदार असू शकत नाही.”

असू शकते, याचा एकोणीस ट्रेंचा पुरावा माझ्याकडे होता. पण साहेबांचा चेहरा बघून मी तो सादर केला नाही. त्यांनाही हे बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं. ते म्हणाले, नावाची जागा मोकळी राहू द्या, मी गुरुवारी पाहणीला येतो, तक्त्यातली प्रत्येक पायरी डोळ्यांनी बघतो, नाव तेव्हा लिहू.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी, जी मी अठ्ठेचाळीस वर्षं टाळली. मला फुगा फुगवता येत नाही. फुगेवाल्याची मुलगी, आणि फुगा फुगवता येत नाही. शाळेत मुली यावर गाणी करायच्या. माझे वाढदिवस फुग्यांनी भरलेले असायचे आणि ते सगळे पप्पांनी फुगवलेले असायचे. मी फक्त दोरा धरून उभी. कधी ना कधी शिकेन, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

तुषारने पंप आणला. पंपाने तीन फुगे फोडले आणि निर्मलाबेनच्या मांजरीने घर सोडलं. बुधीबाईने पंपाकडे एकदाच पाहिलं. पंपाला कळत नाही फुगा किती ताणला ते, ओठाला कळतं, असं सांगून ती कामाला लागली. निर्मलाबेनचं म्हणणं पडलं की रोज सकाळी शंख वाजवला तर महिन्याभरात दम येतो. गुरुवार परवावर आला होता.

गुरुवारी साहेब तक्ता हातात घेऊन आले आणि चौकोनाचौकोनाने पुढे सरकले. देवजीने दूध इतकं सावकाश ढवळलं की साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. बुडवणं झालं, भट्टी झाली. बुधीबाईने त्यांच्या हातात एक फुगा दिला आणि “धर, बघ,” म्हणाली. साहेबांनी धरला आणि बघितला. मग आम्ही सगळे त्या टेबलाशी आलो. बारा बायका हातातलं काम ठेवून उभ्या राहिल्या. इथे कोण, असं साहेबांनी विचारलं.

मी खुर्ची ओढली आणि बसले. ती माझ्या समजुतीपेक्षा ठेंगणी होती. मांडणीतल्या सगळ्यात वरच्या ट्रेमधला एक लाल फुगा घेतला. पहिल्या फुंकेला गालच फुगले, फुगा नाही. दुसऱ्या वेळी तो मुठीएवढा झाला, माझ्या हातून सुटला, फुर्र करत दोन चकरा मारून साहेबांच्या फाइलवर जाऊन पडला. साहेबांनी तो दोन बोटांत धरून मला परत दिला, एखादा अपुरा अर्ज द्यावा तसा. कुणी हसलं नाही. त्यापेक्षा हसले असते तर बरं.

बुधीबाई माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिने फुगा घेतला, दोनदा ओढून ताणला, तळव्यात चोळून गरम केला, आणि पुन्हा माझ्या हातात ठेवला.

“गालानं नको. पोटातून,” ती म्हणाली. “तुझा बाप पण आधी असाच करायचा. वर्षभर त्याला येत नव्हतं.”

हे मला माहीत नव्हतं. मी पोटातून फुंकले. आत कुठेतरी अडलेलं काहीतरी सरकलं, आणि फुगा ओठांना ढकलत, हट्टाने, मोठा होत गेला. पुरे, असं ओठांना खरोखरच कळलं. गाठ मारायला मला चार प्रयत्न लागले. मग उठून मी तो खिळ्याला टांगला. साहेबांनी पेनचं टोपण काढलं, तक्त्यावर नजर टाकली, आणि टोपण परत लावलं.

“इथे दुसऱ्या दिवशी सकाळी असं लिहिलंय,” ते म्हणाले. “आज सही करता येणार नाही.”

तू बस ना मग सकाळपर्यंत, असं बुधीबाईने त्यांना सुचवलं. साहेब म्हणाले, मी सकाळी येतो. सतरा कागदांच्या या प्रवासात कुणीतरी माझ्यासाठी फेरी मारणार होतं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

शुक्रवारी मी एसटीच्या आधी पोचले आणि कुलूप न उघडता बाहेर उभी राहिले. फुगा मऊ पडला असेल तर काय, याचा बाण मी कागदावर काढला होता. मनात काढला नव्हता. एसटी आली. पाठोपाठ साहेबांची रिक्षा आली. मग उघडावंच लागलं.

फुगा खिळ्याला होता. बुधीबाईने पुढे होऊन त्यावर बोट दाबलं, बोट मागे आलं. मी जवळ जाऊन त्याची गाठ बघितली. बायका प्रेमळ आहेत, रात्रीतून कुणी दुसरा टांगला असेल अशी शंका मला आली होती. पण गाठ वाकडी होती, एक टोक लांब आणि एक आत अडकलेलं. इतकी वाईट गाठ त्या कारखान्यात दुसरं कुणी मारत नाही.

साहेबांनी नावाच्या जागेकडे बोट दाखवलं. मी माझं नाव लिहिलं, शाईने. त्यांनी सही केली, तारीख टाकली, आणि थोडं घुटमळून, मुलीसाठी एक फुगा मिळेल का, असं विचारलं. देवजीने तोवर लाल फुग्यांचा ट्रे पॅकिंगला नेलासुद्धा होता.

मी पर्स उचलली. सुरतेला फोन करायचा होता, निर्मलाबेनना सांगायचं होतं, ग्रंथालयाला रजेचं पत्र लिहायचं होतं. बुधीबाईने मांडणीवरचा दुसरा ट्रे आणून टेबलावर ठेवला, आणि हाताने खुर्ची पुसली.

“कुठं चालली? बस,” ती म्हणाली. “अजून अठरा आहेत.”